पथ्य मागायला आलेली बाई

एकदा एका वृद्ध वैद्यांच्या पडवीत ऐन दुपारच्या उन्हात एक बाई येऊन बसली. नाव सुलोचना. तालुक्याच्या गावातल्या कापडाच्या व्यापाऱ्याची ती बायको. अंगावर मांस असं उरलं नव्हतं आणि डोक्यावरचा पदर ती सारखा पुढे ओढत होती, कारण केस गेले होते. बरोबर नवरा होता. त्याच्या काखेत शहरातल्या मोठ्या इस्पितळातल्या कागदांची जाड पिशवी होती आणि डोळे असे, की या माणसाने कित्येक दिवसांत पाठ टेकली नसावी.

वैद्यबुवा आत नुकतेच आडवे झाले होते. वय झालेलं, सकाळपासून रुग्ण बघून जीव शिणलेला. म्हणून पडवीत त्यांचा शिष्य बसला होता. शिष्य हुशार. ग्रंथ त्याला मुखोद्गत होते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो प्रामाणिक होता. खोट्या आशेवर रुग्णाला झुलवत ठेवणाऱ्यांची त्याला मनापासून चीड होती.

त्याने कागद नीट पाहिले. छातीत गाठ. शस्त्रक्रिया झालेली. सलाईनमधून द्यायचं औषध निम्मं झालं होतं, निम्मं बाकी होतं.

“पुढचं औषध कधी?” त्याने विचारलं.

“परवा,” व्यापारी म्हणाला, “पण ही जात नाही म्हणते. डॉक्टर म्हणतात, मधेच सोडलं तर गाठ परत उठेल. ही ऐकतच नाही. तुम्हीच एखादं जालीम भस्म द्या.”

“ताई, का जात नाही?”

सुलोचना खाली बघत म्हणाली, “तिथे आता काय उरलंय? मागच्या खेपेला डॉक्टरांना विचारलं, पथ्य काय पाळू? ते म्हणाले, काही नाही, काहीही खा. मग समजले मी काय समजायचं ते. तुम्ही सांगा, पथ्य काय?”

शिष्याला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो म्हणाला, “ताई, या रोगावर आमच्याकडे औषध नाही. इस्पितळातलं चाललंय ते सोडू नका. आणि पथ्य म्हणाल, तर तसं खास काही नाही. रुचेल ते खा.”

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. तरी बाईचा चेहरा मालवल्यासारखा झाला. जमिनीवर हात टेकून ती उठली. “चला हो,” ती नवऱ्याला म्हणाली, “यांनीही तेच सांगितलं.”

तोच आतून आवाज आला, “थांब गं मुली.”

दाराच्या चौकटीला धरत वैद्यबुवा बाहेर आले. तिच्यासमोर सावकाश बसले. तिचा हात हातात घेतला आणि नाडीवर बोटं ठेवून बराच वेळ नुसते बसून राहिले. मग त्यांनी विचारलं, स्वयंपाक कोण करतं? झोप लागते का? कशाचा वास सहन होत नाही? आवडीचं काय?

“वांगं,” ती जराशी लाजून म्हणाली.

“हिच्या भरल्या वांग्यांसाठी दुकानातली गिऱ्हाइकं घरी येतात, बुवा,” नवरा मधेच म्हणाला.

“तुम्ही गप्प बसा. तुम्हाला खाण्यापलीकडे काही सुचतं का?”

बुवा हसले. म्हणाले, “मग वांगं बंद. शिळं बंद. सकाळी मुगाचं कढण, ताजं, गरम. रात्रीचं जेवण दिवेलागणीच्या आत. शहरात जायच्या आदल्या दिवशी हलका मऊ भात, आल्यावर भाताची पेज. उलटीसारखं झालं तरी चमच्याचमच्याने घ्यायची.”

“कधीपर्यंत?”

“तिथलं औषध पुरं होईपर्यंत. हे पथ्य त्या औषधाचं आहे, माझ्याकडच्या कशाचं नाही. औषध चुकलं तर नुसत्या पथ्यात काही अर्थ राहणार नाही. शेवटचं औषध झालं, की पथ्य सोडायला इथे ये.”

बाई सावरून बसली. “चातुर्मासात सोडतेच मी वांगं. जमेल मला.” मग तिचे प्रश्न सुरू झाले. शेंगदाण्याचं कूट चालेल का? सोमवार धरते, त्याचं काय?

“यंदा देवाला सांग, सोमवारी पोटभर जेवून तुझं नाव घेईन. तो समजूतदार आहे.”

“आणि भस्म?” नवऱ्याने विचारलं.

“शेठजी, तसं भस्म असतं तर मी दडवून ठेवलं असतं का?”

दोघं गेली. शिष्य कोपऱ्यात अस्वस्थ उभा होता. अखेर म्हणाला, “गुरुजी, वांग्याचा त्या गाठीशी काय संबंध?”

“काही नाही.”

“मग ही फसवणूक नव्हे का?”

वैद्यबुवांनी भिंतीला पाठ टेकली, डोळे मिटले. ते दमले होते आणि दमलेल्या आवाजातच बोलले, “वांगं सोडल्याने गाठ जाईल असं मी म्हणालो नाही, ती तसं समजलीही नाही. तू एक सांग, आपल्या घरात ‘काहीही खा, मनाला येईल ते खा’ असं आजाऱ्याला कधी म्हणतात? आशा सुटल्यावर. अशा माणसाला आपण श्रीखंड हवं का विचारतो. आणि जो बरा व्हायचाय, त्याच्या पानातली चटणीसुद्धा काढून घेतो. डॉक्टर दयेने बोलले, तिने त्यात शेवटचा निरोप ऐकला. इथे आली, तर तूही तोच निरोप दिलास.”

शिष्य खाली बसला.

“इस्पितळात सगळं तिला केलं जातं. टोचतात, कापतात, यंत्राखाली निजवतात. ते करायलाच हवं. पण उभं घर चालवलेली बाई ती. या सगळ्यात माझ्या हातचं काय, एवढं विचारायला ती उन्हाची आली होती. आपण सांगितलं नाही, तर उद्या दुसरा कुणी सांगेल आणि पहिली अट घालेल, ते औषध बंद कर. आणि पथ्याला सुटायचा दिवस असतो, बाळा. व्रत धरणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. तिच्यापुढे तसा एक दिवस ठेवला, एवढंच. तो येईल की नाही, मला ठाऊक नाही.”

थोड्या वेळाने ते म्हणाले, “परवा तू त्यांच्याबरोबर जा. डॉक्टरांना माझा नमस्कार सांग. मी सांगितलेलं सगळं त्यांच्यासमोर ठेव आणि विचार, यातलं काही औषधाच्या आड येतं का. येत असेल तर ते काढून टाकू.”

शिष्य गेला. इस्पितळात ही गर्दी. डॉक्टर वयाने फार नव्हते, पण त्यांचेही खांदे वैद्यबुवांसारखेच वाकलेले होते. शिष्याने सगळं सांगितलं. आपणही बाईंना ‘रुचेल ते खा’ असंच म्हणालो होतो, हेही सांगितलं.

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. “मी तर त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणालो होतो. तोंडाला चव नसते, चार घास कसेही पोटात जावेत म्हणून.” मग ते सुलोचनेकडे वळले. “तुमच्या बुवांचं सगळं चालेल. फक्त पोट भरलं पाहिजे, वजन उतरता कामा नये. आणि माझंही थोडं पाळा. कच्ची कोशिंबीर नको. बाहेरचं पाणी नको, उघड्यावरचं काही नको. फळ धुऊन, सोलून खायचं.”

“म्हणजे तुमचंही पथ्य आहे?” सुलोचनेने विचारलं.

“आहे ना.”

“मग तेव्हा का नाही सांगितलंत?” ती जवळजवळ रागावलीच. “आणि ताक? घरचं, ताजं?”

बाहेर रांग ताटकळत होती. डॉक्टरांनी एकदा दाराकडे पाहिलं, मग खुर्ची ओढली आणि तिच्याजवळ बसले. “ताकाचं सांगतो,” ते म्हणाले.

नर्स सलाईनची तयारी करू लागली. सुलोचनेने पदर सारून हात मोकळा केला. बोलणं मात्र थांबवलं नाही. शिष्य दाराशी उभा राहून ऐकत होता. आपल्याला ग्रंथातलं पुष्कळ येतं आणि शेजारी बसायला मात्र अजून शिकायचं आहे, हे त्याला त्या गर्दीत शांतपणे उमगलं.

आपल्याही घरी कुणी दुखणाईत ‘मी काय करू?’ असं विचारत असेल, तर त्याचं औषध सुटू न देता त्याला करता येईल असं काहीतरी त्याच्या हाती द्यावं.