लिंबाखालचा हात

“आणि पहिला वार आपलाच झाला तर, वस्ताद?”

दस्तगीर वस्ताद तलवारीला तेल लावत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणावर?”

“ऋतुजावर.”

फडकं थांबलं... मग पुन्हा पात्यावरून फिरू लागलं.

सकाळचा सराव आटोपला होता आणि तालमीत आता दोघंच उरले होते. धैर्यशील बूट बाहेर काढून मातीत मांडी घालून बसला होता. मांडीवर जाडजूड फाइल होती. अकरा वर्षांचा असल्यापासून तो या मातीत मर्दानी खेळ खेळत आला होता. दुसऱ्याच्या तळहातावर ठेवलेलं लिंबू तलवारीनं कापावं ते धैर्यशीलनंच, असं सगळी पेठ म्हणायची. ते त्याच्या कानावर पडत असे, आणि त्याला ते आवडतही असे.

गेले आठ महिने मात्र त्याची लढाई कौटुंबिक न्यायालयात चालली होती. घटस्फोट त्यालाही हवा होता, ऋतुजालाही. गाडं अडलं होतं ते सात वर्षांच्या शरयूपाशी. पोरगी आईकडे राहायची आणि दर शनिवारी बाबाकडे यायची. धैर्यशीलला तिचा ताबा हवा होता, कायमचा.

“मंगळवारी तारीख आहे,” तो म्हणाला. “उद्याच प्रतिज्ञापत्र दाखल करतो. तिच्या वकिलाला तयारीला वेळच द्यायचा नाही.”

“ह्ये कुठं शिकलास?”

“सामुराईंचं वाचतोय सध्या. जपानातले जुने योद्धे. त्यांचे डावपेच कोर्टाला तंतोतंत लागू पडतात, वस्ताद.”

“व्हय? सांग की मंग. म्हाताऱ्याला बी कळू दे.”

धैर्यशील सरसावून बसला.

“शत्रूला पाय रोवू द्यायचा नाही.”

“बरं.”

“त्याची दुबळी जागा हेरायची. घाव तिथंच घालायचा.”

“बरं.”

“आणि मैदानात उतरण्याआधीच आपण मेलो, असं धरून चालायचं. मग कशाचीच भीती उरत नाही.”

वस्तादांनी तलवार उन्हात धरली आणि एक डोळा मिटून पात्याची धार निरखली.

“तू मेलास तर शनवारी पोरीला आणायला कोण जाणार?”

धैर्यशील फाइलच्या कडा जुळवू लागला.

“वाच,” वस्ताद म्हणाले. “काय लिवलंयस ते तरी ऐकू दे.”

त्यानं फाइल उघडली. वकिलानं लिहिलेलं होतं, पण वाचताना आवाज त्याचाच होता.

“‘सामनेवाली ही स्वभावाने अत्यंत भित्री व मनाने अस्थिर असून मुलीचा सांभाळ करण्यास असमर्थ आहे.’”

“सामनेवाली म्हंजे?”

“ऋतुजा.”

“भित्री?”

“कोर्टात असंच लिहितात, वस्ताद.”

वस्तादांनी तलवार मांडीवर आडवी ठेवली.

“लग्नाच्या वर्षी दसऱ्याला लिंबू कापलंस. लिंबाखाली हात कुणी धरला हुता?”

“...तिनं.”

“तालमीचा रिवाज सांग.”

हा रिवाज त्याला झोपेतही सांगता आला असता. “आधी वार करणाऱ्यानं हात धरणाऱ्याचं नाव घ्यायचं. मग धरणाऱ्यानं ‘हाण’ म्हणायचं. त्याशिवाय तलवार हलवायची नाही.”

“तिनं म्हटलं?”

“म्हटलं.”

“डोळं मिटून?”

“नाही... उघडे ठेवून.”

त्याला तो दसरा आठवला. चौकात चिकार गर्दी होती. तिच्या तळव्यावरची मेंदी फिकी झाली होती, आणि त्या मेंदीवर लिंबू होतं. ‘हाण’ म्हणायच्या आधी ती त्याला एकट्यालाच ऐकू जाईल असं काहीतरी पुटपुटली होती. “चुकलास, तर जन्मभर पोळ्या तू लाटायच्यास.” त्याला हसू फुटलं होतं, आणि हसू फुटलं म्हणूनच हात मोकळा झाला होता. हे त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. आजही सांगितलं नाही.

“अजून काय हाय तुझ्या भात्यात?”

“न्यायाधीश शरयूला आत बोलावून विचारणार आहेत, कुणाकडे राहायचंय म्हणून.” त्याचा आवाज पुन्हा ताठ झाला. “तिची तयारी करून घेतलीय. तीनच वाक्यं आहेत. मला बाबाकडे राहायचंय. आई सारखी ओरडते. मला आईची भीती वाटते. तुम्ही आमच्याकडून पवित्रे घोटून घ्यायचा ना, तशी घोटून घेतली. एका पावलाला एक वाक्य.”

“चुकती?”

“आता नाही चुकत.”

“रडती?”

“...आधी रडायची.”

वस्तादांनी फडक्याची घडी घातली, उलगडली, परत घातली.

“महिपती आठवतोय का रं? गवळ्याचा?”

धैर्यशीलच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एका जत्रेत त्यानं या नवख्या महिपतीला हात धरायला उभं केलं होतं. गडी घाबरून पांढराफटक पडला होता. तरी धैर्यशीलनं त्याला ‘हाण’ म्हणायला पढवून ठेवलं होतं, आणि बिचाऱ्यानं ते म्हटलंही होतं. त्याच क्षणी वस्तादांनी भर गर्दीत धैर्यशीलच्या हातातली तलवार काढून घेतली होती.

“सहा महिने झाडू मारायला लावलात मला.”

“का?”

“पढवलेलं ‘हाण’ चालत नाही, म्हणून.”

हे तो बोलून गेला, आणि त्याची नजर मांडीवरच्या फाइलवर गेली.

फाइल मिटताना तिच्यातून एक कागद घसरून मातीत पडला. शरयूचं चित्र होतं. तिनं स्वतःचा हात कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली होती आणि त्या हाताचा मोर केला होता. बोटांची पिसं झाली होती, अंगठ्याची मान. बापावर पोरीचा किती जीव आहे ते दिसेल, असं म्हणून वकिलानं ते पुराव्यात लावायला सांगितलं होतं.

वस्तादांनी कागद उचलला, फुंकर घालून माती उडवली. खालच्या कोपऱ्यात निळ्या शाईत वळणदार अक्षरं होती. शरयूचा मोर, बाबासाठी.

“ह्ये पोरीचं अक्षर न्हवं.”

“नाही.” धैर्यशीलनं ती ओळ इतक्या दिवसांत धडपणे वाचलीच नव्हती. “ऋतुजाचं आहे...”

वस्ताद गुडघ्यावर हात टेकत उठले. सरावाच्या टोपलीतून त्यांनी एक लिंबू निवडलं. कागद मातीवर नीट पसरला. मोराच्या पोटात, जिथं त्या इवल्या हाताचा तळवा होता, तिथं लिंबू ठेवलं. मग तलवार मुठीकडून धैर्यशीलपुढे केली.

त्यानं ती घेतली. वस्तादांनी दिलेली तलवार घ्यायची, इतकंच त्याच्या अंगाला ठाऊक होतं.

वस्ताद दोन पावलं मागं सरले. दसऱ्याच्या गर्दीत लावायचे, तसा खणखणीत आवाज त्यांनी रिकाम्या तालमीत लावला.

“हात कुणाचा?”

धैर्यशीलचे पाय आपसूक पवित्र्यात गेले. तलवार खांद्याच्या वर चढली. तोंड उघडलं, पण नाव बाहेर येईना. वीस-बावीस वर्षांत कधी अडखळला नव्हता तो हात वरच अडकून राहिला.

“हात कुणाचा, धैर्या?”

“शरयू... माझ्या शरयूचा, वस्ताद.”

तो उभ्या उभ्या लहान पोरासारखा रडायला लागला. तलवार तशीच वर होती. ती खाली घ्यायचंही त्याला सुचेना.

वस्ताद जवळ आले. तेलकट, खरबरीत पंजा त्यांनी त्याच्या पाठीवर ठेवला आणि हुंदके ओसरेपर्यंत तिथंच राहू दिला.

दारातून वारा आला. कागदाची कड फडफडली. लिंबू जरासं हललं, पण तळव्यातून ढळलं नाही...

“नाव घेतलंस, चांगलं केलंस,” वस्ताद हळूच म्हणाले. “आता पोर आपल्या मनानं ‘हाण’ म्हणेस्तवर थांब.”