महिपतीचे न दिसणारे स्पीकर

एका गावात एक भोळा स्पीकरवाला होता. नाव महिपती. सांगितलेलं काम शब्दाला शब्द करायचा, एवढाच काय तो त्याचा दोष.

गावचं महादेवाचं देऊळ फार जुनं, काळ्या दगडाचं. तिथे कीर्तन करणारे अंतोबुवा आता थकले होते. आवाज पहिल्या ओळीपलीकडे पोचत नव्हता. उत्सवातलं यंदाचं कीर्तन त्यांचं शेवटचं, आणि ते सगळ्या गावाला ऐकायचंच होतं. पण त्या कोरीव खांबांवर भोंगे लटकवले, तर देवळाची शोभाच जायची. म्हणून आबा गुरवांनी स्पीकर लपवून लावायला महिपतीला बोलावलं आणि बजावलं, "काम गुपचूप झालं पाहिजे. या कानाची खबर त्या कानाला लागता कामा नये."

"बरं आबा," म्हणून महिपती कामाला लागला. दोन्ही स्पीकर त्याने उजव्या खांबामागे लावले. आरतीला उजवीकडच्या पुरुषांच्या कानठळ्या बसल्या आणि डावीकडच्या बायकांना एक शब्द कळेना. आबांनी जाब विचारला, तर म्हणाला, उजव्या कानाची खबर डाव्याला लागलेली नाही, खात्री करून घ्या.

आबांनी कपाळावर हात मारला. दोन्ही बाजूंना सारखं वाटून द्यावं रे, एक इकडे, एक तिकडे, असं समजावलं.

महिपतीने स्पीकर तसे लावले. मग त्याच न्यायाने माईकही वाटले, एक पुरुषांत, एक बायकांत. मधे प्रवचनाला बसलेले बुवा माईकविना कोरडेच राहिले. गावाला ऐकू आलं ते सरपंचांचं घोरणं आणि सरपंचीणबाईंची सुनेबद्दलची मतं. सून तिथेच बसली होती.

आबा रडकुंडीला आले. कीर्तन उद्यावर आलं होतं. "लेका, माईक एकच, बुवांच्या तोंडापाशी. आणि आवाज सगळ्यांना ऐकू आला पाहिजे, पण कुठून येतो ते दिसता कामा नये."

"बरं आबा."

कीर्तनाला देऊळ गच्च भरलं. आबा जेमतेम दारात पोचले, तोच बुवांचा आवाज पार शेवटच्या पायरीपर्यंत स्वच्छ आला, "देवा, जीव गुदमरतो रे. यातून सोडव मला."

बायकांनी डोळ्यांना पदर लावला. टाळकऱ्यांनी तीच ओळ उचलून धरली. आबांनाही भरून आलं. बुवांना डोळे भरून पाहावं म्हणून त्यांनी मान उंच केली.

बुवा दिसेनात. त्यांच्या जागी एक घोंगडी उभी होती, आणि ती हातपाय झाडत होती.

शेजारी महिपती हात जोडून उभा. "बघा आबा," तो म्हणाला, "आवाज कुठून येतो, दिसतंय का कुणाला?"