सशाच्या वर्षाच्या सासूबाई

खूप जुनी गोष्ट आहे. दूर चीन देशात, एका नदीकाठी, कंदील करणाऱ्यांचं गाव होतं. तिथं वर्षांना आकडे नव्हते, प्राणी होते. पहिलं वर्ष उंदराचं, मग बैलाचं, वाघाचं, सशाचं, ड्रॅगनचं, सापाचं, घोड्याचं, मेंढीचं, माकडाचं, कोंबड्याचं, कुत्र्याचं आणि शेवटी डुकराचं. बारा झाले की पुन्हा उंदीर हजर! माणूस ज्याच्या वर्षात जन्मला, तो प्राणी त्याची रास.

एका कंदीलवालीच्या मुलाला नावाड्याची मुलगी आवडली. मुलगी हसरी, कामाला वाघ. जन्मही नेमका वाघाच्याच वर्षातला, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं.

“मी बापडी सशाच्या वर्षाची,” आई म्हणाली. “वाघीण सून आणली तर माझं हाडूकसुद्धा उरायचं नाही.”

“लग्न करीन तर तिच्याशीच,” मुलगा म्हणाला आणि जेवला नाही. तिकडे मुलीनं नाव काठाला बांधली आणि पोटभर रडून घेतलं. आपल्या जन्मवर्षाला आपण काय करणार, हेच तिला कळेना.

शेवटी आई नवऱ्याला, मुलाला आणि त्या मुलीलाही घेऊन गावातल्या आजीबाईंकडे गेली. आजीबाई बोटांवर रास काढत. चार बोटांची बारा पेरं, एकेका पेरावर एकेक प्राणी. त्यावरून अंगठा फिरवायचा, की झालं.

“आजी, तुम्हीच सांगा यांना. ससा आणि वाघीण एका घरात नांदतील का?”

“सांगते की. पण आधी तुझा जन्म नीट सांग.”

“सांगायचंय काय त्यात? वडील दाराला नव्या वर्षाचा लाल कागद चिकटवत होते. हाताची खळसुद्धा वाळली नव्हती, तेवढ्यात माझं रडणं ऐकू आलं. सकाळी सशाचं वर्ष लागलं. सगळे म्हणाले, घरात ससा आला!”

आजीबाईंचा अंगठा सशावर थांबला. मग हळूच एक पेर मागं सरकला.

“अगं, लाल कागद चिकटवतात कधी?”

“आदल्या दिवशी.”

“आणि वर्ष कधी पालटतं?”

“रात्र सरली की...” आईचा आवाज एकदम खाली आला.

“म्हणजे तू जन्मलीस तेव्हा वाघाचंच वर्ष चालू होतं. बाई गं, तू वाघीण आहेस!”

मग मागून मुलाचे वडील शांतपणे म्हणाले, “मला हे लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं.”

सगळे खो खो हसले. आई आधी रागावली, मग तिलाही हसू आवरेना. तिनं मुलीला जवळ घेतलं. “पोरी, इतक्या वर्षांत मी कुणाला खाल्लं नाही. मग तूच कशाला खाशील? उगाच रडवलं मी तुला.”

“पण एका घरात दोन वाघिणी?” वडिलांनी घाबरून विचारलं.

“बरंच आहे की,” मुलगी म्हणाली. “एक दमली की दुसरी घर राखेल.”

लग्न थाटात झालं. पुढच्या वर्षी दारावरचा लाल कागद सासूसुनेनं मिळून चिकटवला, आणि थोडा वाकडाच चिकटला.

तात्पर्य: माणसाचं वर्ष बोटांवर मोजता येतं, माणूस मात्र सहवासातच कळतो.