वाकायला न आवडणारी पिकअप

डोंगरापर्यंत डांबर अजून पोचलं नव्हतं, त्या काळची गोष्ट. एका पिकअपला आपल्या बुटकेपणाची फार लाज वाटे. बाजाराच्या दिवशी ती कुंभारवाड्यातली मडकी वाहून न्यायची. हौदा भरला की मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दबायचे, आणि येणारेजाणारे ट्रक आपल्याला हसतात असं तिला वाटायचं.

अखेर हिंदुरावांनी, तिच्या मालकांनी, ते पाटे काढून नवे जाडजूड बसवले, शॉकअप आवळून कडक केले आणि तिला चांगलं वीतभर उचललं. आता भरल्या हौद्यानेही ती तसूभर दबेना.

"सुटले बाई वाकण्यातून," ती गॅरेजच्या भिंतीला टेकवलेल्या जुन्या पाट्यांना म्हणाली.

पहिल्याच बाजाराला वाटेतला एकूण एक खड्डा थेट मडक्यांपर्यंत पोचला. निम्मी फुटली. त्यातून सगुणाक्का कुंभारणीला तर हौद्यात चढताच येईना.

"उंच झालीस, चांगलं झालं," ती पिकअपच्या फळीवर हात ठेवून म्हणाली. पुढच्या बाजारापासून मडकी पुन्हा गाढवांवरून जाऊ लागली.

पिकअप गॅरेजच्या दारात नुसती उभी राहू लागली. कोंबड्यासुद्धा तिच्या हौद्यात चढत नसत. एका संध्याकाळी तिने पाट्यांना विचारलं, "इतकी वर्षं दबलात, तुम्हाला कमीपणा नाही वाटला?"

"दबायचो तेव्हा अंगावर कुणीतरी असायचं," गंजत चाललेला थोरला पाटा म्हणाला. "आता आम्हीही दबत नाही."