विझणारा ठिपका

"पण मॅडम, हा एकच कण नाही, असं तुम्ही कशावरून म्हणता?"

निरंजनचा आवाज जरा चढलाच. सूक्ष्मदर्शकाच्या अंधाऱ्या खोलीत, पडद्यावर एक तांबडा ठिपका तेवत होता. स्थिर, देखणा. अर्धवाहकाचा, म्हणजे सेमीकंडक्टरचा कण, इतका बारीक की नुसत्या आकारावर त्याच्या प्रकाशाचा रंग ठरावा. असा एकटा कण आपण पकडला, हे निरंजन उद्या परिषदेत सांगणार होता. मान ताठ व्हावी असंच यश होतं ते, आणि ती झालीही होती.

केळुसकरबाई खुर्चीत रेलून पाहत होत्या. या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. पण बाई शब्द जपून वापरत.

"हा कधी विझतो का रे?"

"छे! विझणारे मी घेतलेच नाहीत. चांगले निवडले."

"... दाखव की एखादा."

निरंजनने नाखुशीनेच काच सरकवली. एक फिकट ठिपका आला, लुकलुकला आणि विझला. त्याचा हात सवयीने पुढच्या ठिपक्याकडे निघाला. बाईंनी त्या हातावर हात ठेवला.

काळोख...

ठिपका पुन्हा उजळला.

आणि केळुसकरबाई चक्क उठून उभ्या राहिल्या. कुलगुरू आले तेव्हाही ज्या बसूनच बोलल्या होत्या, त्या!

"मॅडम?"

"असा कण मधूनमधून विझतोच. घोळक्यातला एखादा विझला तरी बाकीचे तेवत राहतात. उजेड जात नाही. तुझा तो देखणा ठिपका घोळका आहे, बाळा. हा पुरता विझतो. याच्या मागे दुसरं कुणी नाही."

निरंजनचा चेहरा खर्रकन उतरला. म्हणजे जे शोधत होतो, तेच आपण रोज टाकून देत होतो!

ठिपका परत विझला. या वेळी निरंजनचा हात कुणी धरला नव्हता, तरी तो हलला नाही. काळ्या पडद्याकडे तो श्वास रोखून बघत राहिला.

"... आला! मॅडम, आला!"

एवढासा जीव, पण काय तेज होतं त्याचं! निरंजनला अगदी भरून आलं. मग उद्याची आठवण झाली.

"लोकांपुढे काय सांगू, मॅडम? माझा कण विझतो म्हणून?"

बाई परत खुर्चीत टेकल्या.

"विझला होता तेव्हाही मी बघत होतो, असं सांग."