जंबूकुंडावरची सोललेली जांभूळ

शके पंधराशे त्रेपन्नच्या वैशाखात, अंगाची लाही होत असताना, या जांभळीची साल सोलली. बुंध्याची उगवतीकडची बाजू उघडी दिसते ती तेव्हापासून. मूळ झाड केव्हाच गेलं. हे त्याच्याच बुडख्यातून फुटलेलं आहे, पण त्या अंगाला साल धरत नाही म्हणे.

वर पाटी लावली आहे की ज्या झाडावरून जंबुद्वीपाला नाव पडलं ते हेच. ती थाप आहे. पुराणातल्या जांभळीची फळं हत्तीएवढी, त्यांच्या रसाची नदी वाहते. ही जांभळं तुमच्या बोटाच्या पेराएवढी आहेत. कुंड मात्र कुणी जाणत्याने खोदलेलं आहे. मधला गोल खडक, जिथे ही जांभूळ उभी आहे, तो म्हणजे द्वीप. त्यावरचा दगडी खुंटा म्हणजे मेरू. त्याच्याभोवती नऊ खाचा आहेत, ती नऊ खंडं. आपण राहतो ते भरतखंड दक्षिणेच्या खाचेत. भोवतीचं पाणी म्हणजे खारा समुद्र. लोक आता त्या समुद्रात प्लास्टिकच्या पिशव्या टाकतात आणि मेरूला पाय लावून फोटो काढतात.

वरच्या अंगाला देवसांगवी. खालच्या अंगाला, वारा जिकडे वास नेतो तिकडे, हिरडवाडी. तिथे हिरडा आणि बाभळीची साल घालून कातडी कमावणारे आमचे लोक राहत.

कुंडातला गाळ काढायचं काम हिरडवाडीचं. असंच एकदा गाळ काढताना म्हाकू नावाचा माणूस दरडीखाली गाडला गेला. कुंडापायी जो मेला त्याला दर अक्षय्यतृतीयेला पाणी द्यायचं, अशी चाल होती. भटजी काठावर उभे राहून संकल्प सांगत. आधी द्वीप, मग खंड, मग देश, मग नदीचं तीर, मग गाव, मग मेलेल्याचं नाव. ठावठिकाणा सांगितल्याशिवाय पाणी मेलेल्याला पोचत नाही, असं भटजीच सांगत.

म्हाकूचं नाव आलं, पण गाव देवसांगवीचं सांगितलं.

म्हाकूची लेक धुरपा लांब उन्हात उभी होती. ती म्हणाली, "भटजी, माझा बाप हिरडवाडीचा. देवसांगवीत त्याला कुणी उभं करत नव्हतं. तिथं त्याला पाणी कसं मिळायचं?"

नरहरभट हसला. "धुरपे, जंबुद्वीपात नऊ खंडं, मोठमोठे पर्वत, नद्या. त्यात तुझी नऊ खोपटं कुठे मावायची?"

काठावरचे सगळे हसले. धुरपा परत गेली. बाप तहानेला राहिला हे तिच्या मनातून गेलं नाही, असं सांगतात.

मग तो दुष्काळ आला. बाभळी जाळून संपल्या. हिरड्याला फळ धरलं नाही. गुरं मेली, ती खाल्ली. मग लोकांनी पाण्याच्या कातडी मोटा आणि पखाली उकळून खाल्ल्या. देवसांगवीनेही खाल्ल्या. तिथलं कुणी हे सांगत नाही. मी सांगतो.

कुंड आटलं. तळाच्या कातळात एक उभी भेग आहे, तिच्यात खोल पाणी उरलं होतं. मातीची घागर सोडली की आपटून फुटे. पितळेची भेगेत शिरेना. लोक दोराला चिंध्या बांधून खाली सोडत आणि वर आणून पिळत. त्या पाण्यावर गाव जगेना. कातड्याची मोट दुमडून आत गेली असती, पण मोट तर पोटात गेली होती.

तेव्हा नरहरभट स्वतः हिरडवाडीत आला. नाकाला उपरण्याचा बोळा लावूनच आला म्हणे.

"धुरपे, एक मोट करून दे."

"कातडं आहे. कालच उरलासुरला एक बैल पडला," ती म्हणाली. "पण कमवू कशात? हिरडा नाही, बाभूळ नाही. आता एकाच झाडाची साल ओली आहे. तुमच्या द्वीपावरच्या जांभळीची."

"ते झाड देवाचं आहे!"

"मग देवालाच मोट मागा."

भटजीने आटलेल्या कुंडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "सोल. तुला काय हवं ते माग."

"द्वीपाचं नाव घेतलं की लगेच माझ्या वाडीचं नाव घ्यायचं. खंडाच्या आधी, देशाच्या आधी. आणि माझ्या बापाला त्या ठावावर पाणी द्यायचं."

नरहरभटाने मेरूकडे हात करून शपथ घेतली.

धुरपाने साल एकाच अंगाने काढली. सगळीकडून काढली असती तर झाड मेलं असतं, हे तिला कळत होतं. पण कातडं कमवायला पाणी लागतं. देवसांगवीने आपल्या चिंध्यांतला एक थेंब दिला नाही. हिरडवाडीने आपल्या वाट्याचं पाणी कातड्याला पाजलं. त्यात वाडीतली म्हातारी माणसं गेली. एकानेही धुरपाला थांब म्हटलं नाही, असं सांगतात.

मोट झाली, भेगेत उतरली, भरून वर आली. गाव जगलं.

आता पुढचं ऐका. पहिली मोट वर येताच नरहरभटाने पाण्यात गोमूत्र शिंपडलं आणि मग तो प्याला. कातडं चालतं, कातडं कमावणारी चालत नाही! पुढच्या वर्षी पाऊसपाणी झालं, अक्षय्यतृतीया आली. धुरपा काठावर येऊन उभी राहिली. नरहरभटाने द्वीप म्हटलं, खंड म्हटलं, देश म्हटलं, देवसांगवी म्हटलं. हिरडवाडी म्हटली नाही.

"शपथ घेतली होती, भटजी," धुरपा म्हणाली.

"संकटात बोललेलं संकटापुरतं असतं," तो म्हणाला. आणि गावाने माना डोलावल्या. त्याच मोटेचं पाणी प्यालेल्या माना. माणूस इतका हलका होतो, हे सांगतानाही जीभ विटते.

धुरपा भांडली नाही. पण त्या दिवसापासून नरहरभटाला पाण्याला वास येऊ लागला. ओल्या, सडू लागलेल्या कातड्याचा. बाकी सगळ्यांना पाणी गोड लागे. त्याने तुळस घातली, वाळा घातला, दूरच्या नदीचं पाणी आणवलं. तोच वास. मग भाताला आला, गंधाला आला. शेवटी स्वतःच्या तळहातांना आला. घास तोंडापाशी नेला की ओकारी येई. अंगावर फक्त हाडं उरली म्हणे.

त्याच्या बायकोने त्याला धरून हिरडवाडीत आणलं. या खेपेला नाकाला बोळा नव्हता. उपयोगच नव्हता.

"तू काही केलंस का?" त्याने विचारलं.

"मी काय करणार?" धुरपा कातडं घासत होती, तिने मान वर केली नाही. "पुरतं कमावलेलं कातडं घाण मारत नाही. घेऊन बघा हुंगून. काम अर्ध्यावर सोडलं की असाच वास सुटतो, भटजी."

त्याच दुपारी नरहरभट कुंडावर गेला. सगळं गाव जमलं. हिरडवाडीही आली, आणि या वेळी पायरीपर्यंत आली. त्याने ओंजळ भरली आणि म्हणाला, "जंबुद्वीपे, हरीतकीपुरे..."

"ते कुठलं गाव?" धुरपा म्हणाली. "तिथं माझा बाप राहत नव्हता."

"हिरड्याला संस्कृतात..."

"आम्ही म्हणतो तसं म्हणा."

पुन्हा ओंजळ भरली. गाव बघत होतं. "जंबुद्वीपे, हिरडवाडी," नरहरभट मोठ्याने म्हणाला, "म्हाकू," आणि त्याने पाणी सोडलं. मग दुसरी ओंजळ भरून तो ती प्याला. वास आला नाही.

आजही या कुंडावर संकल्प तसाच सांगतात. आधी सारं द्वीप, त्याला लागून हिरडवाडी, आणि भरतखंड त्यानंतर. पंडित येतात आणि चुकलं म्हणतात. चुकलेलं नाही. म्हाकूला पाणी पोचलं. देणं फिटलं.