बंदुकीचं दुसरं टोक

“मग या तिन्हींपैकी कोणती घेऊ, माय?”

बुधरीमाय झाडाखाली मोहफुलं वेचत होती. तिनं मान वर केली नाही.

प्रल्हादनं नागपूरच्या बंदुकीच्या दुकानातून लिहून आणलेला कागद तिच्यापुढे धरला.

“मले वाचता येत नाई, बाबू.”

“मी वाचतो ना.”

“वाच.”

चांद्याच्या जंगलातली ही गोष्ट. तेव्हा परवाना काढून, ठरलेल्या दिवसांत, नेमून दिलेल्या भागात हरणाची शिकार करता येत असे. प्रल्हाद मुनघाटे मोजणी खात्यात होता. वय सव्वीस. नजर अशी, की उभ्या जागेवरून समोरचं झाड किती यार्डांवर आहे ते सांगे. मागाहून साखळी टाकली तर दोन-चार यार्डांचाच फरक निघे. खात्यात त्याचं नाव होतं. ते त्यालाही ठाऊक होतं.

बुधरी मडावी सत्तरीला टेकलेली. तिनं जन्मात कधी बंदूक झाडली नव्हती. तिचा बाप साहेबलोकांसाठी जनावरांचा माग काढायचा. त्याला मुलगा नव्हता, म्हणून ही त्याच्यामागे चालायला लागली. तो गेल्यावर एकटी चालली. गोळी खाऊन जनावर पळालं, की रेस्टहाउसवरून बुधरीमायला बोलावणं यायचं. पन्नास वर्षं हेच.

वननाक्यावर प्रल्हादला कुणीतरी म्हणालं होतं, “पहिलीच रायफल घेताय ना? मग बुधरीमायला विचारा. बंदुकीतलं तिच्याइतकं कुणाला कळत नाही.”

म्हणून तो आला होता.

“पहिली विलायती आहे,” तो वाचू लागला. “कोरी. गोळी तीनशे यार्ड सरळ जाते. पण हिच्यातच सगळे पैसे संपतात. दुर्बिणीला काही उरत नाही.”

“हं.”

“दुसरी लष्करातून निघालेली. जुनी आहे, जड आहे. पण हिच्यावर चांगली दुर्बीण बसवता येईल. तिसरी बारीक नळीची, हलकी. सगळ्यात स्वस्त.”

बुधरीमायनं टोपलीतला पाचोळा निवडून बाहेर टाकला.

“बारीक नळीची मले ठावूक हाये. वरच्या नाल्यात एका चितळाले लागली होती. चार दिवस जित्तं होतं.”

“आणि विलायती?”

“तिनं एका सांबराचा जबडा गेलता. त्याले खाता येत नव्हतं. सापडला तवा नुस्ती हाडं होती. उभा होता पण.”

प्रल्हादनं कागदावरचं बोट पुढं सरकवलं.

“जड वाली?”

“तिनं रानडुकराचे मागचे पाय गेलते. पुढच्या दोन पायावर नदी ओलांडून गेलं.”

“म्हणजे तिन्ही वाईटच?”

“बंदूक कोठं वाईट असते, बाबू...” ती पहिल्यांदा त्याच्याकडे बघून हसली. “तू तिले या टोकाकडून पाह्यतोस. मी त्या टोकाकडून पाह्यली.”

प्रल्हादला ते आवडलं नाही. तो सल्ला घ्यायला आला होता. चार वर्षं भत्त्यातले पैसे बाजूला टाकून त्यानं एवढी रक्कम जमवली होती. चुकीची वस्तू घेतली, तर पुन्हा चार वर्षं.

त्यानं चामड्याच्या पिशवीतून दुर्बीण काढली. बंदुकीवर बसवायची, लांब नळीची. दुकानदारानं आठ दिवस वापरून बघायला दिली होती.

“ही बघ तरी. पलीकडच्या उतारावर पळस फुललाय ना, तिकडे धर. आता इथून डोळा लाव.”

बुधरीमायनं डोळा लावला.

बराच वेळ ती हलली नाही. मग तिनं मोकळा हात पुढे केला, फूल तोडायला करावा तसा. हात हवेतच राहिला... तिनं तो हळूच खाली घेतला.

“दिसला?”

“दिसला. जवळ आला.” तिनं दुर्बीण परत दिली. “वास नाई आला.”

प्रल्हाद हसला. ती हसली नाही.

तेवढ्यात वननाक्यावरचा गेडाम नाकेदार सायकल ढकलत वर आला. घामाघूम झाला होता.

“माय, काल सांजेला रेस्टहाउसवरच्या पाहुण्यानं चितळावर गोळी झाडली. नाल्याच्या पल्याडून. दुर्बिणीतून. पडलं नाई ते.”

“पाहुणा?”

“सकाळी जीपनं गेला. म्हणाला, लागलीच नसेल.”

बुधरीमायनं टोपली झाडाच्या बुंध्याशी ठेवली. पाण्याचा तुंबा खांद्याला लावला, सुरी कमरेला खोचली.

“चल, बाबू.”

“मी?”

“बंदूक घ्यायची हाये ना तुले.”

नाल्याच्या काठावर सिगारेटची थोटकं पडली होती. पाहुणा तिथं बसला होता. समोर, पलीकडे, मोहाचं एक झाड. चितळ त्याच्याखाली फुलं खायला आलं होतं.

प्रल्हादनं डोळे बारीक केले.

“दोनशे चाळीस यार्ड,” तो म्हणाला. “फार तर पंचेचाळीस.”

बुधरीमाय केव्हाच नाला उतरून पलीकडे गेली होती. झाडाखाली उकिडवी बसून तिनं त्याला हात केला.

तो गेला. तिनं तेंदूचं एक पान बोटानं उलटं केलं. त्यावर वाळलेला एक थेंब होता. तांबडा, पण त्यात काहीतरी हिरवट मिसळलेलं.

“हे तुह्या दोनशे चाळीस यार्डावरून दिसते?”

प्रल्हाद वाकला. आणखी वाकला.

“हे हिरवं काय आहे?”

“चारा. त्याच्या पोटातला.”

त्यानं ते पान उचलून उजेडाकडे धरलं.

“पोटात लागली,” ती म्हणाली. “लवकर मरत नाई असं. तहान लागते लय. खालच्या अंगाले गेलं असंल, पाण्याकडं.”

आणि ती चालू लागली.

पुढचा थेंब तिला वीस पावलांवर सापडला. त्याच्या पुढचा पन्नासवर. मग थेंब संपले. ती गवताची वाकलेली काडी बघून चालू लागली, मग दगडावरून निसटलेल्या खुराची खूण बघून. प्रल्हादला काही दिसत नव्हतं. नकाशावर बोटभर असलेलं ते जंगल त्यानं दोनदा मोजलं होतं. आज ते त्याला अनोळखी वाटत होतं.

ऊन चढलं. त्याची कॉलर भिजली.

“अजून किती चालायचं, माय?”

“ते चाललं तितकं.”

एका जागी गवत दबलेलं होतं. चितळ तिथं बसलं होतं, आणि पुन्हा उठलं होतं. पुढं अशीच दुसरी जागा. मग तिसरी, आधीपेक्षा कमी अंतरावर.

तिसऱ्या जागेपाशी बुधरीमायनं खाली हात ठेवला. तळवा तसाच दाबून धरला.

“इथं पहाटेपर्यंत होतं.”

“कसं कळलं?”

“दव नाई इथं. बाजूले माती पाह्य, बसली हाये दवानं. इथली सुटी हाये.”

प्रल्हादनंही तिथं हात ठेवला. त्याच्या मनात आलं, काल या वेळी आपण रेस्टहाउसच्या व्हरांड्यात त्याच पाहुण्याबरोबर चहा घेत होतो. त्याची रायफल हातात घेऊन बघितली होती. दुर्बिणीची काच किती स्वच्छ आहे, म्हणून वाखाणली होती.

हे त्यानं तिला सांगितलं नाही. थोडं पुढं गेल्यावर सांगितलं.

ती चालता चालता म्हणाली, “काच चांगलीच असंल.”

मग पुढचा थेंब त्यालाच दिसला. करवंदीच्या जाळीत, गुडघ्याएवढ्या उंचीवर, पानाच्या कडेला.

“माय...” त्यानं पानाकडे बोट केलं. “इथं.”

ती मागं वळून आली. बघितलं. त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला पुढं चालू दिलं.

दुपार कलताना चितळ सापडलं. ओढ्याच्या कोरड्या पात्रात एक डबकं उरलं होतं. पाण्यापासून चार हातांवर ते पडलं होतं. कोवळा नर होता. शिंगांवरची लव अजून गेली नव्हती. त्यांना बघून त्यानं उठायची धडपड केली. मागचा भाग उठलाच नाही.

बुधरीमायनं प्रल्हादचा दंड धरून त्याला खाली बसवलं. आपणही बसली. दोघं न हलता बसून राहिले. चितळाचा श्वास जरा खाली आला, तेव्हा ती बसल्या बसल्याच सरकत त्याच्या डोक्यापाशी गेली. प्रल्हाद तिच्यामागे सरकला.

तिनं तुंब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन त्याच्या तोंडाला लावलं. थोडं आत गेलं. बरंच सांडलं.

पुन्हा लावलं.

मग तिनं सुरी काढली. मूठ प्रल्हादकडे केली.

“मी?” तो कुजबुजला. “मी गोळी झाडली नाही, माय.”

“मीबी नाई झाडली.”

त्यानं सुरी घेतली. तिनं मानेवरची जागा बोटानं दाखवली. त्यानं तोंड फिरवलं.

“तिकडं नको पाहू. त्याच्याकडं पाह्य.” तिनं त्याची हनुवटी धरून चेहरा वळवला. आई लहानग्याचा भांग पाडताना वळवते, तसा. “तुले पाहून जाऊ दे त्याले. कोणीतरी पाह्यलं पाहिजे.”

त्यानं बघितलं. तिनं आपला हात त्याच्या हातावर ठेवला, आणि दोघांच्या हातांनी ते झालं.

ती चितळाच्या कानाशी वाकून गोंडीत काहीतरी बोलली. हळू, बराच वेळ.

“काय म्हणालीस, माय?”

“त्याले म्हणलं. तुले नाई.”

प्रल्हाद डबक्याकडे गेला. हात धुतले. धुता धुता तो रडायला लागला. बुधरीमायनं त्याला रडू दिलं. ती चितळाच्या डोळ्यांवर बसणाऱ्या माश्या पळसाच्या पानानं वारत राहिली.

मागाहून गेडाम नाकेदार दोन माणसं घेऊन आला. त्यानं पंचनामा लिहिला. साक्षीदार म्हणून प्रल्हादनं सही केली.

परत येताना वाटभर त्यानं बंदुकीचा विषय काढला नाही. तिनंही नाही.

दुसऱ्या दिवशी तो नागपूरला गेला आणि दुर्बीण दुकानदाराला परत केली.

मधे पावसाळा गेला. थंडी पडली. एका सकाळी प्रल्हाद बुधरीमायच्या अंगणात येऊन उभा राहिला. ती उन्हात बसून सूप सारवत होती.

“ये, पोरा,” ती म्हणाली. बाबू म्हणाली नाही.

तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला. बंदूक त्याच्याबरोबर नव्हती.

“घेतली, माय.”

“कोणती?”

“जुनी, जड. लष्करातली. तिचा खटका हाताला बसला म्हणून. आणि वर दुर्बीण, पण सगळ्यात लहान. दुकानदार हसला. म्हणाला, हिच्यातून लांबचं काय दिसणार! म्हटलं, लांबचं नकोच. जनावराच्या मागं दुसरं कोण उभं आहे, पिल्लू आहे का, माणूस आहे का, एवढं दिसलं म्हणजे झालं.”

“हं.”

“उरलेल्या पैशांत गोळ्या घेतल्या. त्या सगळ्या चांदमारीवर नेम साधण्यात संपवल्या. मग कळलं, साठ पावलांपर्यंत माझी गोळी जिथं म्हणेन तिथं जाते. त्यापुढं... गोळी जाते, माझा नेम जात नाही.”

बुधरीमायनं सूप बाजूला ठेवलं. आता ती नीट ऐकत होती.

“सहा वेळा गेलो. पाच वेळा जनावर दिसलं, पण साठ पावलांच्या आत जाता आलं नाही. एकदा तर शंभरावर उभं होतं, आडवं, मोकळ्यात. बरोबरचे म्हणाले, मुनघाटे, मार! मी रांगत पुढं निघालो. वारा फिरला. गेलं.”

“मग?”

“परवा चाळीस पावलांवर मिळालं. एक गोळी. जागेवर बसलं, माय. दुसरं पाऊल टाकलं नाही त्यानं. मी जवळ जाऊन बसलो. बघत होतो. शेवटपर्यंत.”

अंगणातल्या कोंबड्या त्याच्या पायाशी टिपत राहिल्या.

“सगळं नीट झालं. तरी...” त्यानं आपले दोन्ही हात पुढं केले. “हे थरथरायला लागले. नाक्यावर चहा दिला, तर निम्मा सांडला. सगळे हसले. संध्याकाळपर्यंत थरथरत होते. तू इतकी वर्षं हे केलंस. मला खरं सांग. ही थरथर जाईल ना कधीतरी?”

बुधरीमायनं त्याचे हात आपल्या हातांत घेतले. तिचे तळवे सारवणानं ओले होते. आणि तेवढ्या जवळून प्रल्हादला जाणवलं, की तिचेही हात अगदी बारीक थरथरताहेत...

“ज्या दिवशी जाईल ना, पोरा,” ती म्हणाली, “त्या दिवशी बंदूक विकून टाक.”